बर्फातल्या काड्या

सोमवार, १० नोव्हेंबर

आइस्क्रीमवाली! आज क्रेट उचलणाऱ्या दगडूने सगळ्यांसमोर म्हटलं. "आली बघा आइस्क्रीमवाली! मॅडम, कप हाय का कोन?" पॅकिंगच्या बायकासुद्धा हसल्या. हसा! सहा महिने मी हा थर्माकोलचा डबा घेऊन डेअरीभर फिरते आहे, एकदाही बर्फ चुकवलेला नाही. मशीन नीट धुतलंय का ते तपासायच्या स्वॅबच्या काड्या थंड ठेवायच्या असतात म्हणजे ठेवायच्या. माझ्या आधी जो होता तो म्हणे काड्या पँटच्या खिशात घालून हिंडायचा. खिशात!

हे मला कॉलेजने नाही शिकवलं. आईने शिकवलं, माहीमच्या मासळी बाजारात, तिच्या पाटाशेजारी बसवून. "बर्फातून काढलीस का लगेच कोयत्याखाली. मधे ठेवलीस तर गेली." आजही सकाळी तिच्याच टबातला बर्फ डब्यात भरून निघते. लालबागला पोचेपर्यंत तो टिकतो. काडी बर्फातून काढायची, जागा पुसायची, नळीत टाकून हलवायची, मीटरमध्ये ठेवायची. पंधरा सेकंदांत आकडा. शंभरच्या आत असेल तर ती जागा स्वच्छ. रोज अकरा जागा. एकही कधी गाळली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जाईबाईंनी आज हद्द केली. बावीस वर्षं इथे भांडी आणि मशीनचे सुटे भाग धुतात, वयाने आईएवढ्या, म्हणून मी गप्प बसते. पण दही भरायच्या मशीनच्या जोडावर जी रबरी रिंग आहे, त्या धुतलेल्या रिंगवरून त्यांनी सरळ बोट फिरवलं! उघडं बोट!

"चेडवा, हय बुळबुळीत लागता. धुतलंय तरी लागता. रबराक चीर पडली हा."

मी लगेच काडी फिरवली. चौऱ्याऐंशी. म्हणजे पास. त्यांना मीटर दाखवला.

"तुझा मशीन काय सांगता ता माका ठाऊक नाय. माझा बोट सांगता."

बोट! उद्या नाकाने ताप मोजतील. रिंग पुन्हा धुवायला लावली आणि पुन्हा काडी घेतली. ब्याऐंशी. कागदावर सही केली. माझ्या सहीवर कुणी बोट फिरवलेलं मला चालणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जाईबाई नवीन रिंग मागायला निमेशसरांकडे गेल्या — मला न विचारता. सर प्रॉडक्शन बघतात, सामान तेच मंजूर करतात. त्यांनी माझा कागद पुढे केला : "मॅडमचं रीडिंग पास आहे ना? मग नवीन कशाला?" बरोबरच बोलले. पण जाईबाई बाहेर पडताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती अजून डोक्यातून जात नाही. मी काय खोटं लिहिलंय?

बुधवार, १९ नोव्हेंबर

दही परत आलं. दादरच्या दुकानातून चाळीस कप, झाकणं फुगलेली. दुकानदार स्वतः आला होता, गेटवरच ओरडत होता. त्याच्या चार वर्षांच्या नातीने खाल्लं, तिला उलट्या सुरू झाल्या, परळच्या हॉस्पिटलात दाखल केलंय.

त्या तारखेचा कागद काढला. अकराच्या अकरा जागा पास. तीन वेळा बघितला. नळ्या, टाकीचं झाकण, रिंग. सगळं पास! मग झालं कसं? माझ्याकडून काही सुटलेलं नाही. नाही सुटलेलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नीच माणूस आहे हा निमेश! आजपासून सर नाही म्हणणार, निदान इथे तरी.

मीटिंगमध्ये काय म्हणाला? "मशीन स्वच्छ आहे, रेकॉर्डवर आहे. दूध तपासलेलं आहे. राहिलं कोण? माणूस. धुतल्यानंतर मशीनला हात कोण लावतं? जाईबाई." आणि माझ्याकडे वळून, गोड आवाजात — "मॅडम, तुम्हीच बोललात ना, ती उघड्या बोटाने चेक करते?"

बोलले होते. हसत हसत बोलले होते, चहा पिताना! ते त्याने जपून ठेवलं.

पुढच्या शनिवारी चौकशी. तोवर जाईबाईंनी मागच्या गल्लीत क्रेट धुवायचे, आत पाऊल टाकायचं नाही. चौदा महिन्यांनी त्या तशाही निवृत्त होणार होत्या. त्या बाईची नखं माझ्यापेक्षा बारीक कापलेली असतात. अंगठीसुद्धा घालत नाहीत. हा निमेश मोबाइल चोळत चोळत टाकीपाशी उभा राहतो, ते चालतं! आणि पुरावा कसला? माझे कागद. मी इतक्या काटेकोरपणे भरलेले कागद हा एका गरीब बाईच्या अंगावर फेकतो आहे!

सोमवार, २४ नोव्हेंबर

मागच्या गल्लीत जाऊन आले. म्हटलं, जाईबाई, तुमच्या बाजूने मी बोलणार आहे.

"काय बोलतलंय?"

"की तुमचे हात स्वच्छ असतात."

हसल्या. "आणि रिंग?"

"रिंग पास आहे हो!"

क्रेट पालथा केला, पाणी झटकलं, पुढचा घेतला. एवढी चीड आली मला! मी हिच्यासाठी भांडते आहे आणि हिचं आपलं रिंग, रिंग, रिंग.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सगळाच दिवस वाया! मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मासळीला गिऱ्हाईक नाही, आई बाजारात गेलीच नाही, टबात बर्फ नाही. नुसताच डबा. तरी म्हटलं भरभर आटपू, तर काड्या फ्रिजमधून काढून डब्यात ठेवल्या आणि निमेशने केबिनमध्ये बोलावलं. शनिवारी मी काय बोलायचं ते मला शिकवत होता! "तुम्ही फक्त आकडे सांगा. बाकी इमोशनल होऊ नका." पुरी वीस मिनिटं. डबा टेबलावर तसाच.

बाहेर येऊन जागा पुसल्या तर आकडे चढलेले. झाकण नेहमी नऊ, आज बावीस. नळी अठराची एक्केचाळीस. रिंग दोनशे एकतीस!

काड्या तापल्या, दुसरं काय. फ्रिजमधून ताजी काढली, पळत येऊन रिंग पुन्हा पुसली. एक्क्याऐंशी. बघा! कागदावर लिहिलं : आधीच्या काड्या खराब, त्यांचे आकडे धरू नयेत. वीस मिनिटांत नासतात, असला माल विकतात तरी कसा? उद्या त्या कंपनीच्या माणसाला फोनवर धुऊन काढते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

धुऊन काढला. काड्या विकणाऱ्या कंपनीचा रघुवीर म्हणून मुलगा आहे. पाच मिनिटं मी बोलले, तो ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, वीस मिनिटं बाहेर होत्या ना? मग बरोबर वापरल्यात की! दहा मिनिटं तरी ठेवायच्याच असतात बाहेर. फ्रिज फक्त साठवायला. गार काडीतलं केमिकल नीट चालतच नाही, आकडा खोटा कमी येतो. पत्रकात आहे बघा, दुसऱ्या पानावर."

पत्रक खोक्यातच होतं. पहिल्या पानावर लिहिलंय — थंड जागी ठेवा. ते वाचून मी घडी घातली होती. पुढचं मला आईकडून येतच होतं ना!

तरी विश्वास बसेना. दोन काड्या टेबलावर ठेवल्या. घड्याळ लावून दहा मिनिटं. रिंगवर एक : दोनशे अडतीस. दुसरी : दोनशे चव्वेचाळीस. मग बर्फातली : ब्याऐंशी.

मग हातमोजा काढला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. बोट फिरवलं.

बुळबुळीत आहे.

म्हणजे सहा महिने...

शनिवार, २९ नोव्हेंबर

चौकशीत निमेशच्या आधी उभी राहिले. सहा महिन्यांचे सगळे आकडे चुकीचे, चूक माझी, रिंग खराब आहे आणि ते जाईबाईंनी आधी सांगितलं होतं — लिहून सहीनिशी दिलं. तक्रार आल्यावरही दहा दिवस दही त्याच रिंगमधून जातंय. निमेश म्हणाला, "मॅडम, तुमची नोकरी जाईल." जाऊ दे. मशीन बंद केलंय, दुकानांतलं दही परत मागवायला गाडी गेली.

जाईबाईंना मागच्या गल्लीत जाऊन सगळं सांगितलं. माफी मागितली. वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि एवढंच विचारलं —

"त्या दुकानवाल्याची नात कशी आसा? घराक इली?"

मला माहीत नव्हतं. दहा दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.