तिसऱ्या दिवसाचा सूर्यास्त

२ सप्टेंबर
गिऱ्हाइकांसाठी जहाजांच्या तुलनेचा तक्ता सुरू केला. तीन जहाजं. कंपन्यांची नावं गाळून अ, ब, क. ओळी: जेवण, खोली, सेवा, आणि त्यांचे पोटभाग. पांढरा चौकोन म्हणजे मी पडताळलेलं. पिवळा म्हणजे ऐकीव. आज जवळजवळ सगळं पिवळं.
अण्णांच्या सहलींच्या ऑफिसात आजवर चारधाम आणि द्वारका विकली गेली. जहाज पहिल्यांदाच. म्हणून मला घेतलं. "तू इंजिनेर शे, तुले मोजामापी समजस." पुण्याच्या लॅबमध्ये तीन वर्षं मीटर तपासून शिक्के मारले, तो अनुभव असा कामी येतोय. पुणं का सोडलं ते इथेही लिहीत नाही.
आई: "दर्या तरी देखा का व तू? आन् जहाजले मार्क दी ऱ्हायनी!"
पाहिलाय. कॉलेजच्या सहलीत. पाण्यात उतरले नव्हते. तिला सांगितलं नाही.

५ सप्टें.
रनाळ्याच्या एका निवृत्त सरांना फोन. सपत्नीक 'अ' वर जाऊन आलेले.
खोली? "न्हाणीमा साबण पडना तं उचलाले बाहेर येवं लागे."
जेवण? "सकायनं बेस. रातना भात कच्चा. वाढणाराले म्हनं, दादा, ठेचा शे का? तो टमाटानी बाटली लई उना."
सेवा? "दिनमा दोन येळा चादर बदलेत. घर हाई हप्तामा एकदाव बदलस, ते बी बोलीसनी." मागून काकूंचा आवाज: "फोन दे आठे!"
अ: खोली ५, जेवण ६, सेवा ९. चौकोन पांढरे केले. एका माणसाच्या सांगण्यावरून. लॅबमध्ये किमान तीन वाचनं घ्यायचो.

१३ सप्टें.
सुशीलाकाकी ऑफिसात आल्या, सोबत सून नेहावहिनी. आमच्या गल्लीतलं कापडाचं दुकान त्यांचं. शाळेत असताना घराला कुलूप दिसलं की मी त्यांच्या दुकानाच्या गादीवर बसून गणितं सोडवायचे. काकी खाकरा द्यायच्या आणि उत्तर बरोबर आलं का ते विचारायच्या. बरोबर म्हटलं की दुसरा.
काकींच्या मुलाला, मनोजला, आईला जहाजावर न्यायचंय. काकी अडून बसल्यात. चौविहार. दिवस मावळला की अन्न नाही, पाणी नाही. सव्वीस वर्षं.
"तेजू, मन्हा नेम मोडाव नही असं एक जहाज दखाड. येसू. नही तं ह्या दोन्ही जावोत, मी घर बरी."
वहिनी हळूच: "आई दर्याचं नाव काढलं की सारखं बोलतात, आणि जायचं म्हटलं की नाही."
तक्त्यात नवी ओळ: जेवणाची वेळ उणे सूर्यास्त.

२४ सप्टें.
'ब' मुंबईहून सुटतं. जैन स्वयंपाकघर वेगळं, आचारी मारवाडी, सगळे वाखाणतात. पण डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाला मावळतो आणि यांची पंगत साडेसातला. बाद.
'अ' आठला. बाद.
मग 'क'. सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत. सिंगापूरची घड्याळं सूर्याच्या मानाने पुढे आहेत, सूर्यास्त सातच्या आसपास. आणि 'क' ची पहिली पंगत सव्वासहाला. आधी कळवलं तर कांदा, लसूण, बटाट्याशिवाय. उकळलेलं पाणी मिळेल, लेखी उत्तर आलं.
बसतंय. पाऊण तास मोकळा. आज बऱ्याच दिवसांनी काम जमल्यासारखं वाटलं. अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "हाई पंचांगवालाले बी जमतं नही."

३ ऑक्टोबर
खोली: आतली सुचवली. बिनखिडकीची, जहाजाच्या मधोमध. हेलकावे सगळ्यात कमी तिथे. काकींचे गुडघे आणि गेल्या वर्षी हृदयात बसवलेली स्टेंट, दोन्हीला बरं. काकी म्हणाल्या, "खिडकीमाईन दखासी काय, पानीच ना?" माझंही मत तेच होतं. त्यांच्या तोंडून आलं म्हणून जास्त आवडलं.

१६ ऑक्टो.
एक चौकोन पिवळा राहिलाय. 'क': जहाजाची वेळ कोणती? सगळा प्रवास सिंगापूरची, की बंदराप्रमाणे बदलते? तीन ई-मेल केले. उत्तर आलं ते मद्याच्या पॅकेजचं. एका प्रवाशाने लिहिलंय की वेळ बदलली नाही. पण ते 'क' च्या दुसऱ्या जहाजाबद्दल.

२८ ऑक्टो.
छापायला द्यायचा दिवस. अण्णा पानावर बोट ठेवून: "हाई एकच डबं पिवळं काब्र? गिऱ्हाईक तेच देखी. काढ ते."
काढलं. "सिंगापूर वेळ", पांढऱ्यात. वहिनींसाठी वेगळं छोटं कार्डही केलं, लॅमिनेट करून. दिवस आणि सूर्यास्त. पहिला ६:५७. दुसरा ७:०२. तिसरा, फुकेत, ७:०८. चौथा ७:०५.
काकींनी कार्ड कपाळाला लावलं. मला ते आवडलं नाही. कारण लिहीत नाही.

५ डिसेंबर
कार्तिकी पुनव झाली, चातुर्मास संपला. काकी आज निघाल्या. पिशवीत खाकरे, नवकार मंत्राची पुस्तिका, कार्ड, आणि उशाशी असतं ते गजराचं घड्याळ. "मोबाइलना मन्हा भरोसा नही. हाईच बरं."

१२ डिसें.
परत आल्या. पेढे घेऊन थेट ऑफिसात. अर्धा तास बोलल्या. जसं आठवतंय तसं:
दर्या "लय मोठा. आन् काही करत नही. नुसता शे."
जेवणात साधी खिचडी, उकडलेली भाजी, शेवटच्या दिवशी मुगाचा शिरा. आचारी बाहेर येऊन हात जोडून गेला.
सेवा. खोली आवरणारा भाऊ, पन्नाशीचा, फिलिपिन्सचा. टॉवेलचा ससा, टॉवेलचा हत्ती. "आन् इतला चांगला मानूस! एक सकायले कागद लई उना, मन्हा घड्याळकडे बोट करं, मांगे फिराव असं दखाडं. मी म्हनं, लाव बाबा तूच. दुसरा दिन परत पुढे लायी गया. घरना माणसं बी इतलं करतस नही."
मी विचारलं, कोणत्या दिवशी.
"फुकेतले. मी उतरनू नही, होडीमा बसाले गुडघा नही म्हनेत. मनोज आन् नेहा गयात. मी एकटीच जेवनू. सव्वासहाले बठनू, सहा पन्नासले उठनू. तुन्हा कार्डवर सात आठ. अठरा मिनिट बाकी ऱ्हायनात, तेजू! दर्यामा बी मन्हा नेम तुटना नही."
पेढा माझ्या हातातच होता. ड्रॉवरमध्ये ठेवला.

१३ डिसें.
वहिनींकडून जहाजावर रोज वाटायचे ते कागद मागून आणले. अभिप्रायासाठी हवेत म्हटलं.
तिसऱ्या दिवसाचा कागद. पहिलीच ओळ, चौकटीत: आज घड्याळ एक तास मागे.
७:०८ मधून एक तास. ६:०८.
सव्वासहाला पहिला घास. म्हणजे सूर्य मावळल्यावर सात मिनिटांनी. शेवटचा घास बेचाळीस मिनिटांनी. खोलीला खिडकी नाही, मी सुचवलेली. जेवणघर तिसऱ्या मजल्यावर, तिथेही नाही. जहाजाचा नकाशा माझ्याकडे सप्टेंबरपासून आहे. त्या दिवशी काकींना सूर्य दिसेल अशी एकही जागा मी ठेवली नव्हती.
पुन्हा मोजलं. तेच.

१५ डिसें.
मूळ फाइल उघडली. त्या चौकोनाचा इतिहास दिसतो. २८ ऑक्टोबर, ११:४०, पिवळा ते पांढरा, माझ्या नावाने. अण्णांनी काढ म्हटलं हे खरं. माऊस माझ्या हातात होता हेही. लॅबमध्ये मी एकाला न तपासता शिक्का मारला म्हणून वरपर्यंत कळवलं होतं. त्याची नोकरी गेली. नियम बरोबरच होता तो.

१७ डिसें.
वहिनींना सांगितलं. दुकानात, साड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबले नाहीत.
"आईंना कळलंय का?"
नाही.
"मग नको सांगूस."
मी पुढच्या साडीचं टोक धरलं.
"तेजू, आई उपाश्रयात महाराजसाहेबांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतील. अट्ठम. तीन दिवस नुसतं पाणी. डॉक्टरांनी उपास बंद केलेत. साखरेच्या गोळ्या आहेत. अजाणता झालं त्याचं पाप थोडंच लागतं?"
अजाणता. त्यांच्याकडून, हो.
निघताना: "तुला सांगून मोकळं व्हायचंय. मला त्यांना सांभाळायचंय."

२० डिसें.
आईबरोबर प्रकाशाला, मावशीकडे. संध्याकाळी एकटीच तापीच्या घाटावर. पंचांगातली वेळ आणि प्रत्यक्ष बुडणारा सूर्य ताडून पाहिला. मिनिटाचाही फरक नाही. शेजारी एक म्हातारी दिवा सोडत होती. मोबाइलकडे बघून विचारलं, "काय मोजी ऱ्हायनी, बेटा?" सूर्य, म्हटलं. "मंग त्याकडेच देख ना."

२३ डिसें.
काकींचा फोन. आवाज चढलेला. उपाश्रयात सगळ्यांना सांगितलंय. पाच बायका तयार, 'क' नेच, फेब्रुवारीत. "बठ्ठ्यासले तेच कार्ड पायजे. मी म्हनं, मन्ही तेजूनं गनित कधी चुकत नही."
अण्णा खूश. मला काकींशी बोलण्यापेक्षा त्यांच्याकडे बघणं सोपं गेलं.

२६ डिसें.
नवं कार्ड केलं. फेब्रुवारीच्या तारखांनी. खाली जहाजाच्या वेळेची ओळ, फुकेतला एक तास मागे. त्या संध्याकाळी सव्वासहाऐवजी पाचला जेवण खोलीत, 'क' कडून लेखी घेतलं. यावेळी उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवला नाही. चाळीस मिनिटं लागली. ऑक्टोबरात तेवढी का नाही दिली.
फेब्रुवारीत फुकेतचा सूर्यास्त थोडा पुढे जातो: ६:३६. जुन्या कार्डावर ७:०८. दोन्ही शेजारी ठेवली तर अर्ध्या तासाचा फरक उलट्या बाजूला दिसेल. काकी ठेवतीलच. गल्ल्यावर बसून आयुष्यभर आकडे ताडलेत त्यांनी.
वहिनींचा मेसेज: ऋतू बदलला म्हण.
म्हणता येईल. ऋतूने पुढे गेला, मागे कसा आला, हे पाचांतली एकही विचारणार नाही. काकी विचारतील.

२९ डिसें.
पाच पस्तीसला काकींकडे गेले. काकी ओट्याशी होत्या. उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला भरून ठेवलेला, शेजारी ते गजराचं घड्याळ. आज आपल्याकडे सूर्यास्त ६:०२.
नवं कार्ड दिलं. त्यांनी नवकारच्या पुस्तिकेतून जुनं काढलं, भिंग घेतलं, दोन्ही ओट्यावर ठेवली. बोट एकेका ओळीवरून. पहिला दिवस. दुसरा. दोन्हीकडे नव्यात वेळ पुढे गेलेली.
तिसऱ्यावर बोट थांबलं.
"बठ्ठा दिन पुढे गयात. हाऊ एकच मांगे उना." भिंग माझ्याकडे. "नवामा चुकनी तू, तेजू. सात छत्तीस पायजे. पेन दे, मी सुधारी देस. त्या पाची जनीसले सांजले देवाना शेत."
पेन माझ्या खिशात होतं. काकींनी हात पुढे केला होता.
वहिनी दारात उभ्या. माझ्याकडेच बघत होत्या.
मी म्हटलं, "काकी, आधी पाणी घ्या. दिवस मावळतोय."
"आजून येळ शे."
"घ्या ना."
काकींनी घेतलं. थोडं थांबून अजून एक घोट. अर्धा पेला राहिला. गोळी नव्हती घेतली अजून, वहिनींनी आणून हातावर ठेवली, तीही घेतली. मी घड्याळ पाहिलं. ५:५३.
"आते सांग. चूक कसामा शे? ह्यामा का त्यामा?"
"त्यात," मी म्हटलं.
जुन्या कार्डावर बोट ठेवलं. ठेवायची गरज नव्हती.
काकींनी कार्डाकडे बघितलं. मग गजराच्या घड्याळाकडे. मागची किल्ली अंगठ्याने चाचपली, जहाजावरच्या त्या भाऊने फिरवली होती ती. ओठ हलले, मोजत होत्या बहुतेक. मी गणितं सोडवायचे तेव्हा उत्तर आधी त्यांना यायचं.
वहिनी म्हणाल्या, "आई, उरलेलं पाणी..."
काकींनी पेल्यातलं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं आणि पेला ओट्यावर पालथा घातला. रोज दिवस मावळला की घालतात.
घड्याळात ५:५५. सूर्य मावळायला सात मिनिटं बाकी होती.