भोपळ्यालासुद्धा माहीत होतं

२२ डिसेंबर

निषेध! या घरात माझ्या मालकीची एकच खुर्ची आहे आणि आज सकाळी ती जप्त झाली. नोटीस नाही, सुनावणी नाही. तिच्या पाठीवर ओल्या लोकरीच्या लड्या वाळत घातल्या आहेत आणि घरचा कर्ता पुरुष बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून चहा पितो आहे.

म्हणजे माझी मोठी बहीण, ताई, आली. मुलांना थंडीची सुट्टी लागली की ती येते आणि गेल्या वर्षीचे स्वेटर उसवायला बसते. मुलं वाढतात, लोकर तीच. दर वर्षी फक्त एक नवा रंग मिसळायचा. माझी थोरली लेक दोन्ही हात पुढे करून लडी धरते, ताई गुंडा करत गोष्ट सांगते. लोकर संपली की गोष्ट संपली – मग राजपुत्र विहिरीत लटकत का असेना! म्हणून धाकटा दर वर्षी बजावतो, मला खूप मोठा स्वेटर कर.

थोरली आठ वर्षांची. कशालाही हरकत घेते म्हणून वकीलबाई. धाकटा पाचचा, भोपळा. का, ते त्याला बघितलं की कळतं.

२४ डिसेंबर

मी खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. बायकोला विचारलं, काय चाललंय? काही नाही. इतकं ठासून 'काही नाही' म्हणजे बरंच काही असणार.

भोपळ्याला माझ्या दुकानातली चष्म्याची लाल डबी दाखवून फितवून बघितलं. "आत्याचं गुपित आहे," एवढंच म्हणाला. डबी घेतली नाही. याने! जो बिस्किटासाठी सख्ख्या बहिणीला विकेल.

२६ डिसेंबर

दुकानाच्या कपाटाची किल्ली विसरलो म्हणून दुपारी घरी आलो. आतल्या खोलीत ताई झोपलेली. दाराशी वकीलबाई पहाऱ्यावर. आणि बाहेर माझी बायको ताईचं सकाळचं विणकाम उसवत बसलेली.

मला वाटलं, नणंद-भावजयीचं काहीतरी फाटलं. तिने निमूटपणे स्वेटर माझ्यापुढे धरला. जागोजाग टाके गळलेले. भोकंच भोकं. हिरव्याच्या मध्येच निळा घुसलेला. ताईला दिसत नाही. जवळजवळ काहीच नाही. गेले दोन हिवाळे ताई सकाळी विणते आणि बायको दुपारी तेवढं उसवून नीट करून ठेवते. मुलं पहारा देतात.

दोन हिवाळे! आणि मी काय करतो? चष्मे विकतो! अख्ख्या गावाचे नंबर मला तोंडपाठ आहेत.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

"आपल्याला कळलंय हे ताईंना कळलं, तर त्या पुढच्या वर्षी यायच्या नाहीत. आणि तुमच्या पोटात काही राहतं का? तुम्ही भर जेवणात अक्षरांचा तक्ता घेऊन उभे राहिला असता."

किल्ली घेतली. दुकानात गेलो. एका आजोबांना लांबच्याऐवजी जवळचा चष्मा दिला.

२७ डिसेंबर

भोपळ्यालासुद्धा माहीत होतं. भोपळ्याला!

२९ डिसेंबर

जेवताना मी सहज म्हणावं तसं म्हणालो, ताई, या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय बघ गं, माझा चष्मा बाहेर राहिला. चष्मा माझ्या नाकावर होता. तिला तो दिसला नाही.

बाटली तिने हातात घेतली, फिरवली आणि खाली ठेवली. म्हणाली, "दुकान सहाला बंद करतोस ना? मग आता मला गिऱ्हाईक करू नकोस." सगळे हसले. ती हसली नाही.

नंतर वकीलबाईने मला गाठलं. "बाबा, म्हणूनच तुला सांगितलं नव्हतं."

माझं घर, माझी बहीण, माझा धंदा. आणि घरभेदी ठरलो मी!

३१ डिसेंबर

ताईनेच मला गच्चीवर बोलावलं. कठड्याला हात लावत लावत पुढे गेली, मी मागे. उन्हात बसलो.

म्हणाली, दोन वर्षांपूर्वीच मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, उपाय नाही. "चष्म्याने भागणारं असतं तर आधी तुझ्याच दुकानात आले असते. तू बिघडलेलं दिसलं की दुरुस्त करायला बसतोस. सुट्टीपुरतं तरी मला कुणी दुरुस्त करायला नको होतं."

मी भीत भीत विणकामाचं विचारलं.

"माझा हात घट्ट, तुझ्या बायकोचा सैल. बोटांना कळत नाही होय रे? दुपारी मी झोपत नाही, नुसती पडून असते. ती तेवढी पोरगी दाराशी उभी राहून दमते. तिला बसायला काहीतरी देत जा." आणि थोड्या वेळाने, "त्यांना सांगू नकोस हं. फार मजेत असतात सगळे."

म्हणजे बायको मला फसवते, पोरं मला फसवतात, ताई त्या सगळ्यांना फसवते आणि मलाही. चांगलं चाललंय. आता मीही फसवायचं.

उठताना म्हणाली, "शाळेत हस्तकलेच्या तासाला तुला विणायची पट्टी असायची, आठवते? तू झोपलास की मी पुरी करायचे. सकाळी ऐटीत न्यायचास. मी कधी बोलले?"

मी म्हटलं, नाही आठवत. आठवत होतं.

२ जानेवारी

दुपारी बायको बाजारात गेली होती. भोपळ्याचा अर्धा स्वेटर तिच्या उशीखाली सापडला. वकीलबाईला दाराशी स्टूल दिलं. तिने हरकत घेतली नाही. गळलेले टाके मीच एकेक करून उचलले. फार वाकडे आले.

चहानंतर ताई विणायला बसली. ओळीवरून बोट फिरवत आली. एका जागी थांबली. मागे गेली, पुन्हा तिथेच आली. मग पुढे विणू लागली.