शेजारीण नसलेली दीर्घिका

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्याविषयीचा तिटकारा काही गेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तुम्ही बोलू दिलं असतंत तर आज बोलायची वेळ आली नसती. किन्हवलीच्या शाळेला कुणीतरी दिलेली दुर्बीण तुम्ही कपाटात कुलपात ठेवलीत. दसऱ्याला तेवढी बाहेर काढायची, झेंडूचा हार घालायचा. एका वर्षी तर डोळा लावायच्या भिंगावरच कुंकवाचं बोट टेकवलंत. विज्ञानाचे शिक्षक म्हणे! पुढे शहापूरहून साहेब तपासणीला आले, तेव्हा संध्याकाळी तुम्ही आम्हाला दुर्बिणीपुढे रांगेत उभं केलंत. मी डोळा लावते तर सगळीकडे तांबडा डाग. "मंगळ हाय तो," तुम्ही ऐटीत सांगितलंत. "सर, कुंकू हाय ते," मी म्हणाले. साहेब हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत. "वस्तीवरून येतेस आन् मला शिकवतेस गो?" वर्ष संपेपर्यंत मी दारात उभी राहून विज्ञान शिकले.

आता मी दूरच्या दीर्घिका बघते. काही गटांत एक थोरली दीर्घिका आपल्या मोठ्या शेजारणींना एकेक करून गिळते आणि एकटीच उरते, भोवती नुसता तापलेला वायू. त्याला जीवाश्म गट म्हणतात. व्याख्यानात हे सांगताना दर वेळी तुम्ही आठवता, आणि त्या दीर्घिकेचा उगाच अपमान झाल्यासारखं वाटतं.

असा गट फार लांब, म्हणजे प्रकाश पोचायला लागलेल्या वेळामुळे फार जुन्या काळातला दिसणारा सापडला, तर एवढ्या लवकर हे गिळणं उरकलं कसं, असा प्रश्न पडतो. मला तसा एक सापडला. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं. चित्रात थोरलीजवळ आणखी एक ठळक दीर्घिका होती. ती अलीकडची, म्हणजे आपल्या आणि गटाच्या मधे वाटेत आलेली, असं ठरवून मी तिला वगळलं होतं. अंतर मोजलं नव्हतं. मागच्या सोमवारी माझी विद्यार्थिनी, मुरबाडची आहे, सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, ती अलीकडची नाय. मी अंतर काढलंय. त्याच गटातली हाय ती." म्हणजे गिळणं अजून बाकीच होतं, आणि माझा जीवाश्म गट जीवाश्म नव्हताच. मी म्हणाले, तुझं मोजमाप कच्चं आहे, आधी नीट शिक. ती वही उचलून निघून गेली.

तिचं मोजमाप मी त्याच दुपारी तपासलं. ते बरोबर आहे. निबंध मागे घेत असल्याचं मी काल संपादकांना कळवलं. पुन्हा तपासताना चूक माझ्या लक्षात आली, असं त्यात लिहिलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच सांगते: तिचं नाव मी घातलेलं नाही.