एकट्यानं जायचं न्हाई

४ जानेवारी

यांना म्हणे चक्कर येते! सकाळी एकटेच कराडला डॉक्टरांकडे जाऊन आले, मला पत्ताच नाही. आल्यावर चहा पिता पिता सांगतात — "रोज रानात फिराय सांगितलंय. पर एकट्यानं जायचं न्हाई. तू चल."

मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेला माणूस. ताप आला तरी बोलून दाखवत नाही, त्याला चक्कर! दिवाळीत आई गेली. आता यांना काही झालं तर मी काय करू?

५ जानेवारी

गेलो. पिशवीत बीपीचं मशीन, पाण्याची बाटली, साखरेची पुडी. प्लास्टिकची खुर्ची यांच्याच खांद्यावर दिली — मधेच बसावं लागलं तर! चक्कर येणारा माणूस टाचा आपटत पुढे आणि मी धापा टाकत मागे. दोनदा मीच ओरडले, "आवं, सावकाश!"

ऊस तुटून गेलाय, रान मोकळं पडलंय. आई गेल्यापासून मी इकडे फिरकलेच नव्हते. उन्हानं डोळे दिपले. घरी आले ती परत आतल्या खोलीत, दार लोटून. रात्री झोपेची गोळी घेतली तेव्हा कुठे डोळा लागला.

८ जानेवारी

पाय दुखतात. यांचं बीपी मात्र एकदम छान. मशीन बिघडलं असणार.

११ जानेवारी

आटपाडीच्या धनगरीण हरणाबाईची मेंढरं आली. मोकळ्या रानात काही रात्री मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत आयतं मिळतं. दरसालची पद्धत. ज्याचं रान त्याच्या घरची भाकरी पहिल्या दिवशी धनगरांच्या तळावर जायची, आणि मालकिणीनंच न्यायची. शेजारच्या रेश्माबरोबर पाठवू म्हटलं तर हे म्हणाले, "हरणाबाई काय म्हणंल? मालकीण मेली का काय म्हणंल!" मग काय, मीच गेले.

हरणाबाईनं भाकरी घेतली आणि काही न विचारता एक कोकरू माझ्या मांडीवर टाकलं. "धरा जरा वैनी, माजं हात मोकळं हुंद्यात." नुकतंच जन्मलेलं, ओलं, गरम. काळीज लटलट उडत होतं बिचाऱ्याचं. पदराचं टोक तोंडात धरून चोखायला लागलं — आणि मला रडू फुटलं. आईच्या दहाव्यालाही डोळ्यातनं टिपूस आलं नव्हतं माझ्या!

हरणाबाई म्हणाली, "रडा की. हितं कोण ऐकतंय? मेंढरंच हायती."

तेवढ्यात ते कोकरू मांडीवरच मुतलं. रडता रडता हसू आलं मला. हे लांब बांधावर, आमच्याकडे पाठ करून उभे होते.

१२ जानेवारी

आज बांधावर दवाखानाच भरला! यांचं बीपी मोजताना बघून हरणाबाईचा नवरा बिरदेव पुढे झाला. "माजं बी बगा." मग हरणाबाई. मग बिरदेव म्हणतो, "आता कुत्र्याचं बगा वैनी, रातभर लय भुकतंय!" सगळ्यांचं ठीक निघालं. शेवटी हे म्हणाले, "आता तुजं बग." माझंच जास्त! हे काळजीनं बघत राहिले माझ्याकडे, आणि मला आपलं हसूच येत होतं.

१६ जानेवारी

काल संक्रांत. तळावर तीळगूळ दिला, गप्पा मारत बसले, घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. आज उठल्यावर लक्षात आलं — रात्री गोळी घ्यायचीच राहिली! तरी केवढी गाढ झोप! देवा, तुझे उपकार.

२१ जानेवारी

मेंढरं पुढच्या गावाला गेली. आज फिरायला कोण कुणाला नेणार, अशी परिस्थिती होती. मीच आधी चप्पल घातली, यांना उठवावं लागलं.

वरच्या रानात हरभरा आहे. कोवळे शेंडे खुडले, दहिवरानं हात गार पडले. आई अशीच सकाळी भाजी खुडायला न्यायची आणि मी निम्मी तिथंच खायची. आज खुडता खुडता तोंडात टाकली. तोच आंबटपणा. आई आठवली, आणि रडू आलं नाही, बरं वाटलं. लय बरं वाटलं! रान जवळ आहे, पाय धड आहेत, सोबतीला हे आहेत. यांची चक्करही परत आलेली नाही. खुर्ची आता घरीच असते.

५ फेब्रुवारी

कराडला गेले होते, माझ्या गोळ्या बंद करू का विचारायला. डॉक्टरांना म्हटलं, "तुम्ही फिरायला सांगितलंत, यांची चक्कर गेली बघा!" डॉक्टर म्हणाले, "कसली चक्कर? त्यांना काहीच नव्हतं. तुम्ही घराबाहेर पडत नाही, काय करू म्हणून विचारायला आले होते. रडले माझ्यापुढे."

बाहेर हे गाडीला टेकून उभे होते. "काय म्हणला डॉक्टर?"

मी म्हणाले, "तुमाला अजून एकट्यानं सोडायचं न्हाई म्हणलेत."