मागचा दिवा अजून लागत नाही

प्रिय सोन्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते. पण बसते आणि उठते, असं चाललंय. आधी गॅस बंद केलाय का बघायचं, मग दार, मग उगाचच गॅलरीतून खाली डोकावायचं. तुझ्या बाबांचं बूड एका जागी टिकत नाही म्हणून मी जन्मभर बोलत आले, आता तेच दुखणं मला लागलंय.

ते खाली आहेत. जिन्याखालच्या जागेचा कारखाना झालाय. सीट भिंतीला टेकवलेली, टाकी जुन्या चादरीवर, आणि मोटरसायकलच्या पोटातून वायरी बाहेर लोंबताहेत. जाणारा-येणारा त्या ओलांडतो आणि जाता जाता सल्ला देतो. फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातंय! वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, एवढं कशाला करता, नवीन घ्या की. तेव्हापासून बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत.

पायाचं तसंच आहे. साखरेनं जाणीव गेली ती गेलीच. ब्रेकवर पाय आहे की नाही हे खाली बघितल्याशिवाय त्यांना कळत नाही. फाटकाला धडकल्यावर डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि तू ती मागितलीस, तेव्हा मला वाटलं होतं की घर डोक्यावर घेतील. पण किती शहाण्यासारखं हो म्हणाले! अट एकच, सगळे दिवे लागतील तेव्हाच न्यायची. वायरमननं लेकाला आंधळी गाडी दिली असं कुणी म्हणायला नको.

सुरुवातीला बिघाड खरेच होते. हँडल डावीकडे वळवलं की फ्यूज उडायचा. दोघं चार दिवस झटलो. हँडलच्या मानेशी वायर घासून तिची तांब्याची तार उघडी पडली होती, वळवलं की सांगाड्याला टेकायची. मग पुढचा दिवा मिणमिणायचा, तो गंजलेल्या बोल्टामुळे. तो बोल्ट घासून दिवा लख्ख लागला तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो लावला. खरं सांगू, इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या गप्पा मारल्या नव्हत्या. नोकरी होती तेव्हा बाबा कारखान्यातून यायचे ते थकून, आणि मी तुम्हा पोरांच्या मागे.

मग मागच्या दिव्याचं सुरू झालं. आमची पद्धत तुला माहीत आहे. तपासायचा बल्ब माझ्या हातात, त्याची एक तार मी गाडीच्या वायरीला टेकवायची, दुसऱ्या तारेचा चिमटा ते पुढे सांगाड्याला लावतात आणि ओरडतात, लागला का? मी म्हणते, नाही. रोज नाही. आणि एके दिवशी मी उठून पुढे गेले तर चिमटा रंगावर लावलेला. लग्नानंतर या माणसानं मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, चिमटा लावायच्या आधी रंग खरवडायचा, रंगातून करंट जात नाही. मी विसरले म्हणून तुझ्या आजीसमोर ओरडले होते मला. आणि आता स्वतःच?

माझ्या मनात नको ते आलं. तुझ्या आजोबांचं शेवटी काय झालं ते तू पाहिलंयस. स्वतःच्या दारापुढे उभे राहून विचारायचे, हे कुणाचं घर. बाबांना नळ बंद करायला उशीर झाला तरी मी धावत जाऊन बघायचे. मी त्यांना उगाच जुन्या गोष्टी विचारायला लागले, अमुक भाडेकरूचं नाव काय, तमक्याला मुलं किती. शेवटी चिडले, म्हणाले, परीक्षा घेतेस काय माझी? दुपारी ते आडवे झाले तेव्हा मी एकटी खाली गेले, चिमटा रंग नसलेल्या कोऱ्या बोल्टाला लावला. हातातला बल्ब झक्क पेटला. वायर ठणठणीत. मागच्या दिव्याची काच काढली तर आतला बल्ब नुसता टेकवून ठेवलेला, फिरवून बसवायचाच राहिला होता. काखेत कळसा! मी काच होती तशी लावली आणि वर येऊन पडून राहिले. तुला कळवावं की नाही, डॉक्टरांना आधी विचारावं का, काही सुचेना. कित्येक दिवस मला घास गोड लागला नाही.

गेल्या आठवड्यात समोरचा शिंपी स्कूटर ढकलत आला, हॉर्न वाजत नाही म्हणून. बाबा गुडघ्यावर बसले, खिशातून कानस काढली, बोल्ट घासला, मग चिमटा लावला. बोलता बोलता हॉर्न वाजवून दिला. वर शिंप्याला ऐकवलं की रंगावर चिमटा लावतो तो वायरमन नव्हे, गाढव. एवढं बोलून त्यांनी मान वळवली आणि मी जिन्यात उभी दिसले. लगेच कानस शोधायला लागले, ती हातातच होती.

मी वर आले, बेसिनचा नळ सोडला आणि पोटभर रडले. मग हसू आवरेना. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कुणी करावं? माझा माणूस शाबूत आहे रे, पक्का लबाड आहे! गाडी गेली की सकाळी उठून खाली कशाला जायचं, हे त्यांना तोंडानं सांगता येत नाही, म्हणून बिघाड सांभाळून ठेवलाय.

तू लिहिलंस की तुझ्या ओळखीचा चांगला मेकॅनिक रविवारी पाठवतोस, तासाभरात काम उरकेल, बाबांची दगदग वाचेल. तू मायेनंच लिहिलंस, पण त्याला पाठवू नकोस. वाटलं तर फोनवर नेहमीसारखा चिडव, अजून होत नाही का म्हणून. त्यांना ते आवडतं. तू स्वतः ये, गाडी न्यायला टेम्पो न आणता, आणि आलास की त्यांच्याजवळ खाली बसून वायर धर. काल मी काय केलं बघ. सवयीनं त्यांच्या हातून चिमटा कोऱ्या लोखंडाला लागला आणि बल्ब माझ्या हातात लख्ख पेटला. पलीकडून आवाज आला, लागला का? या वेळी त्या आवाजात भीती होती, मला स्पष्ट ऐकू आली. मी बल्ब मुठीत झाकला. चटका बसत होता तरी सोडला नाही, आणि म्हटलं, नाही हो, उद्या बघू.

तुझीच,
या वयात खोटं बोलायला लागलेली
आई