व्हाल्दीच्या चिठ्ठ्या आणि दोनशे बारा नंबरचा खांब

तीर्थस्वरूप ग्रिमूरदादास,

थोर्डिसचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीने तुझं मीठ बंद केलंय म्हणे. तिचं माझ्या वतीने अभिनंदन कर. इकडे सरोवर गोठलंय, मासेवाल्यांच्या झोपड्या बर्फावर लागल्यात, आणि तुझी बहीण जिंकली आहे. खुर्ची ओढ आणि वाच.

आमच्या दवाखान्यातले एक्स-रे टेलिफोनच्या तारेवरून विनिपेगच्या मोठ्या इस्पितळात जातात. तिथला संगणक (हजारो छात्या दाखवून त्याला शिकवलंय) ते आधी बघतो, शंका आली तर लाल गोल काढतो, मग डॉक्टर बघतात. पण डिसेंबरपासून चित्रं अर्ध्यातच अडकायला लागली. वरून पत्र आलं, दोन महिन्यांत सुधारलं नाही तर एक्स-रेचं यंत्र सेल्कर्कला हलवू. म्हणजे छातीत दुखलं की इथल्या म्हाताऱ्यांनी बर्फातून दोन तास गाडी हाकायची!

आता मी जिच्या तारा दुरुस्त करते त्या आमच्या टेलिफोन कंपनीनेही यंदा तसाच शिकवलेला संगणक घेतलाय, लाइनचे बिघाड ओळखणारा. तो घेऊन आले डेलॉर्मसाहेब (जानेवारीत पातळ बूट घालून उत्तरेत येणारा माणूस, बाकी तू समजून घे). लाइन तपासली की संगणकाचं निदान ठरलेलं: 'ग्राहकाच्या उपकरणात बिघाड'. दवाखान्याच्या नर्स बिआट्रिसबाईंनी आपला कॉम्प्युटर बदलला, मग आणखी एकदा बदलला. निदान तेच. शेवटी त्या मला फोनवर म्हणाल्या, "थोर्डिस, आता उपकरण म्हणून मीच उरलेय. मलाही बदलू का?"

मी साहेबांना विचारलं, "हा शिकला कुणाच्या हाताखाली?" ते म्हणाले, "तुमच्याच वीस वर्षांच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांवर." दादा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या चिठ्ठ्या लिहिल्या कुणी? माझ्याआधी इथल्या खांबांवर चढणाऱ्या आपल्या व्हाल्दीने! (देव त्याला ऊब देवो.) माणूस सोन्यासारखा, पण थंडी उणे पंचविसाच्या खाली गेली की खांबावर चढायचा नाही. शेगडीपाशी बसून चिठ्ठीवर लिहायचा, 'ग्राहकाच्या उपकरणात बिघाड'. मी चार हजार चिठ्ठ्या काढून त्या-त्या दिवसाच्या थंडीशी ताडून पाहिल्या. संगणक बिघाड ओळखायला शिकलाच नव्हता, व्हाल्दीचा आळस शिकला होता!

साहेब दोन दिवस ऐकेनात. "बाई, तो शहाण्णव टक्के अचूक आहे." मी म्हटलं, "आहेच. व्हाल्दीशी अगदी तंतोतंत जुळतो." त्यावर ते कोट काढून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. तीन आठवडे आम्ही खोट्या चिठ्ठ्या निवडल्या, जुन्या ग्राहकांना विचारून खऱ्या कारणांनी दुरुस्त केल्या, आणि संगणकाला पुन्हा पहिलीत बसवलं. नव्याने पास होऊन तो म्हणाला: थंडीत आकसणारा तारेचा जोड, खांब दोनशे बारा. उणे एकतिसात मी चढले. साहेब खाली शिडी धरून पाय आपटत होते. जोड उघडला, तर आत केसाएवढी भेग!

नवा जोड बसवून मी तडक दवाखाना गाठला. चाचणीला खरं चित्र हवं होतं. बिआट्रिसबाई म्हणाल्या, "शरद ऋतूपासून खोकतेयस, दर वेळी टाळतेस. आज सुटका नाही, उभी राहा." माझी छाती अकरा सेकंदांत विनिपेगला! टाळ्या पडल्या, कॉफी आली, केक आला. यंत्र इथेच राहणार असं लेखी आलंय. आणि कंपनीने मला संगणकाची शिक्षिका नेमलंय. (तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस. तुझ्या एका तरी विद्यार्थ्याने कधी खांबाचा नंबर बरोबर सांगितला का?)

वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी विजयी बहीण,
थोर्डिस

ता. क. — ते जे चित्र अकरा सेकंदांत पोचलं, त्यावर तिथल्या संगणकाने लाल गोल काढला. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. वाटाण्याएवढं आहे, वेळेत सापडलं, काढलं की मोकळी, असं ते ठामपणे म्हणाले. मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आणखी एक ता. क. — शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी सातला, विनिपेगला. सोबत घरचं कोण असेल, असा फॉर्मवर रकाना होता. तुला न विचारताच तुझं नाव लिहिलंय. शाईने लिहिलंय, दादा.