टेबलाची डावी बाजू

मी, या पुस्तकांच्या दुकानाची अर्धी मालकीण, गुडघ्यांनी कामातून गेलेली पण डोक्याने जागेवर असलेली, हे मृत्युपत्र दुकानावरच्या खोलीत पलंगावर उशीला टेकून, माझ्याच हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके जागेवर असल्याचा दाखला डॉक्टर देणार आहेत. त्यासाठी त्यांनी काल मला वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांनी मागे आमच्याकडून नेलेले प्रवासवर्णन कुठवर वाचून झाले तेही विचारले. त्यांनी लगेच माझी नाडी धरली. एवढ्यावर दाखला मिळायला हरकत नसावी.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती, दोन्ही धाकट्यावर चिडून. ती रद्द समजावीत. हेही चिडूनच लिहीत आहे, पण विचार करून.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, दुकानाचा उरलेला अर्धा मालक. मी लग्न केले नाही. त्याने केले, आणि भावजय गेल्यापासून आम्ही दोघेच या घरात राहतो. त्याची मुलगी, माझी भाची, दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. याखेरीज माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क नाही, आणि कोणी लांबचा नातेवाईक उगवलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम पहिले. बँकेतल्या ठेवी, माझ्या बांगड्या आणि कपाट भाचीला द्यावे. कपाटाच्या खालच्या खणात काही पुस्तके आहेत. लहानपणी ती टेबलाखाली बसून मुखपृष्ठांवरच्या माणसांना मिशा काढायची. ती पुस्तके विकण्यासारखी राहिली नाहीत, म्हणून मी ती घरी आणली आणि धाकट्याला विकली म्हणून सांगितले. ती पण तिलाच. आता लोकांच्या तोंडात हात घालते, तेव्हा मिशांची हौस फिटली असेल.

कलम दुसरे. वडिलांची कागद कापायची सुरी, सुतळीचा गुंडा अडकवायचा खिळा असलेली फळी, आणि शिडी, हे सगळे दुकानातच राहावे. खिडकीजवळचे स्टूल मात्र उभ्या वाचकांना द्यायचे माझ्या मनात आहे. हे एक निवृत्त गृहस्थ. कित्येक वर्षे रोज येतात, उभ्याने वाचतात, काही विकत घेत नाहीत आणि जाताना पुस्तक कसे वाटले ते मला सांगतात. त्यांच्या सांगण्यावर मी बरीच पुस्तके खपवली आहेत. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला यातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात. म्हणून स्टूल त्यांना मी आजच, जिवंतपणी देत आहे.

कलम तिसरे. टेबल. दुकानात शिरले की मधोमध जे लांब टेबल लागते ते वडिलांनी एका बंद पडलेल्या शिवणकामाच्या कारखान्यातून आणले. त्यावर कापड बेतायचे, कडेला इंचांच्या खुणा अजून आहेत. वडील म्हणायचे, भिंतीवरच्या कपाटांत जुने, मागणीचे, शाळेचे, काय हवे ते ठेवा. टेबलावर फक्त नवे पुस्तक, आणि तेही आपल्यापैकी एकाने शेवटच्या पानापर्यंत वाचलेले. न वाचलेले पुस्तक टेबलावर नाही, मग लिहिणारा स्वतः दारात ठाण मांडून बसला तरी. डावी बाजू कथा-कादंबऱ्यांची, ती माझी. उजवी बाजू खऱ्या गोष्टींची, ती धाकट्याची. हे आम्ही ठरवले नाही. लहानपणी जेवताना मी गोष्टीचे पुस्तक उघडायची आणि हा आगगाड्यांचे वेळापत्रक. वडिलांनी ते पाहिले आणि वाटणी करून टाकली.

दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे आम्ही जोड्या लावायचो. हे वडिलांचे नव्हे, आमचे. नव्या पुस्तकांची पेटी आली की दुपारी दार लोटून घ्यायचे, सुतळी सोडायची, आणि मी वाचून संपवलेल्या कादंबरीची गोष्ट त्याला सांगायची. तो ऐकत नसल्यासारखे ऐकायचा. मग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईच्या कादंबरीशेजारी तो झोपेच्या शास्त्रावरचे पुस्तक आणून ठेवायचा, कारण ती बाई अख्ख्या कादंबरीत झोपत नाही. त्याने मधमाश्यांवरचे पुस्तक मांडले की मी शेजारी सासवासुनांची जाडजूड कादंबरी सरकवायची. एका न्यायाधीशाच्या आठवणींना जोडी म्हणून त्याने माझ्याकडून चोराची गोष्ट मागून घेतली होती. गिऱ्हाईक एक घ्यायला यायचे आणि जोडी घेऊन जायचे. भावजय जिन्यावरून ओरडायची, "जेवण गार होतंय, दोघं भांडून झालं की वर या." आम्ही भांडत नसायचो. आमचे बोलणेच तसे होते. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे तास कोणते म्हणाल तर ते हेच, कोऱ्या कागदाचा वास, पायाशी सुतळीचे तुकडे आणि समोर धाकटा. आज इथे पडून मला त्याचीच सर्वांत जास्त आठवण येते.

कलम चौथे, आणि ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते. भावजय गेली त्या वर्षीच्या एका पेटीत एक पातळसे पुस्तक आले. बस डेपोतला एक मेकॅनिक बायको गेल्यावर तिचे कपाट आवरतो, एवढीच गोष्ट. मुखपृष्ठावर उघड्या कपाटाचा फोटो, कादंबरी असे कुठे छापलेले नाही. ते धाकट्याच्या हाती लागले. कोणत्याच पुस्तकाची प्रस्तावना तो वाचत नाही, तेव्हाही वाचली नाही. पुस्तक एका बैठकीत संपवले आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर त्या मेकॅनिकला पत्र टाकले. बाकी सगळ्याचे तुम्ही सांगितलेत, पण तिच्या चपलांचे शेवटी काय केलेत, असे त्यात विचारले होते. उत्तर आले की असा कोणी मेकॅनिक नाही, ही एका बाईंनी लिहिलेली कादंबरी आहे.

ते पुस्तक तोवर त्याच्या बाजूला, उजवीकडे, मांडून झाले होते. मी ते उचलून डावीकडे ठेवले. त्याने परत उजवीकडे नेले.

"ही कादंबरी आहे," मी म्हटले.

"हा माणूस खरा आहे."

"अरे, लिहिणारी बाई स्वतः सांगतेय, सगळं तिच्या मनातलं आहे."

"तिला काय माहीत?"

भावजयीच्या चपला जिन्याखाली तशाच होत्या हे मलाही दिसत होते. पण टेबल म्हणजे टेबल. मी ते पुस्तक रोज संध्याकाळी डावीकडे आणले, त्याने रोज सकाळी उजवीकडे नेले, ते पार मळून गेले आणि शेवटी कोणीतरी ते विकत घेतले. कोणत्या बाजूने उचलले ते दोघांनीही पाहिले नाही. त्यानंतर धाकट्याने माझ्या गोष्टी ऐकणे सोडले. जोड्या बंद झाल्या. मधली जागा तेव्हापासून मोकळी आहे. बाकी बोलणे चालू आहे, दूध आले का, वीज गेली का, एवढे.

मी पलंगाला खिळले तेव्हा तो सरळच म्हणाला, "ताई, आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्यामागं डावी बाजू मी बंद करणार. परीक्षेची गाइडं ठेवीन. नसलेल्या माणसांसाठी रडायला मला वेळ नाही."

गाइडे. वडिलांच्या टेबलावर. नसलेली माणसेच आमच्या घरात सगळ्यात जास्त दिवस राहिली, हे याला कधी कळणार? लिफ्टवाल्या बाईला मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणींपेक्षा चांगली ओळखते. ती टेबलावरून उठली तर ते दुकान मला माझे म्हणवणार नाही.

म्हणून अट अशी. डावी बाजू कथा-कादंबऱ्यांचीच राहील आणि तिथले प्रत्येक पुस्तक मी स्वतः शेवटपर्यंत वाचून मांडीन, अशी लेखी कबुली धाकट्याने वकिलांना द्यावी. दिली तर माझा अर्धा हिस्सा त्याचा. न दिल्यास तो हिस्सा शेजारच्या चष्मेवाल्याला विकावा आणि रक्कम भाचीला द्यावी. चष्मेवाला मधली भिंत पाडायला कधीपासून टपून बसला आहे. आमच्याकडे बारीक टाइप वाचून डोळे बिघडलेली माणसे त्याच्याकडे जातात, आणि आम्हीच गेलो तर चष्मे कोणाला विकणार, एवढा विचार त्याने केलेला नाही. तरी गाइडांपेक्षा चष्मे परवडले. धाकटा कबुली देणार नाही हे मला ठाऊक आहे. हे लिहिताना मला मुळीच बरे वाटत नाही, पण लिहिले.

पुरवणी. वरचा मजकूर पुरा झाला, साक्षीदार दुपारी यायचे होते. तेवढ्यात धाकटा चहा घेऊन वर आला. मी कागद उशीखाली सारले. त्याच्या काखेत एक पुस्तक होते.

"डावी बाजू रिकामी पडलीय," तो म्हणाला. "खालचं लाकूड दिसतं. लोक विचारतात."

"मला आता वाचवत नाही रे. चार ओळींत डोळे मिटतात."

"माहितेय." त्याने ते पुस्तक माझ्या पांघरुणावर ठेवले. "हे मी वाचलं. शेवटपर्यंत."

मी मुखपृष्ठ पाहिले. "कादंबरी आहे ही."

"कळलं मला. या वेळी प्रस्तावना आधी वाचली." तो खुर्ची ओढून बसला. "सुरुवात रटाळ आहे. मग एक बाई येते, पूल बांधणारी. ती बरी आहे. सांगू?"

आणि त्याने सांगितली. गोष्ट सांगणे त्याला अजिबात येत नाही. शेवट आधी सांगून बसला, त्या बाईच्या नवऱ्याला मध्येच विसरला, पुलाच्या खांबांवर मात्र बराच वेळ बोलला. ती बाई पूल पुरा व्हायच्या आधीच जाते. तिथे त्याने माझ्या पांघरुणावरचे पुस्तक उगाच सरळ केले. मी चहा गार होऊ दिला.

"नव्हतीच ती मुळात," मी म्हटले.

"हो ना," तो म्हणाला. "तरी त्रास झाला." मग कप उचलता उचलता त्याने विचारले, "ठेवू का खाली?"

मी म्हटले, बघून सांगते.

सबब, चौथ्या कलमातली अट आणि चष्मेवाल्याबद्दलचा सगळा मजकूर मी रद्द करत आहे. दुकानातला माझा अर्धा हिस्सा, टेबलाच्या डाव्या बाजूसह, माझ्या धाकट्या भावाला कोणतीही अट न घालता द्यावा. त्यात बदल करण्याचा हक्क आता कोणाला नाही, मलाही नाही.

तो खाली गेल्यावर मी ती कादंबरी थोडी थोडी चाळली, डोळे मिटत गेले तरी नेटाने. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. कादंबरी सुमार आहे. ती टेबलावर ठेवावी.

सही: थोरली

साक्षीदार:
१. डॉक्टर (लिहिणारी शुद्धीत असल्याचे तपासून)
२. उभे वाचक, निवृत्त

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: आजचा, डॉक्टरांनी आपल्या हाताने घालावा